तिरके पाय आणि त्यांच्या वरचं घर

नमस्कार.

पत्रिकेवर आजचा विषय ‘परवडणाऱ्या फर्निचरमधून मिड-सेंच्युरी खोली’ असा छापला आहे. मिड-सेंच्युरी म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यातली फर्निचरची शैली. त्या खोलीपर्यंत आपण जाणारच आहोत. पण तिच्या दारातच एक प्रश्न आडवा पडला आहे, आणि तो बाजूला सारल्याशिवाय आत शिरता येत नाही. प्रश्न आहे पायांचा. निमुळते, तिरके, टोकाला पितळी टोपी घातलेले लाकडी पाय. कुठलंही खोकं घ्यावं, त्याला असे चार पाय ठोकावेत की झालं मिड-सेंच्युरी, अशी समजूत सगळीकडे पसरली आहे. मग वर्षभरात ते खोकं डुगडुगायला लागतं, खण अडकायला लागतात आणि ठपका शैलीवर येतो: ‘दिसायला छान, पण टिकत नाही.’ हे मला फार लागतं, कारण ही शैली टिकण्यासाठीच जन्माला आली.

इथे जमलेल्यांना ईम्स, वेग्नर, याकोबसेन ही त्या काळच्या फर्निचर-रचनाकारांची नावं नव्याने सांगायला नकोत. पण या नावांभोवती आज ज्या किमती चिकटल्या आहेत त्यांमुळे एक गोष्ट विसरायला होते. ही माणसं स्वस्त फर्निचर करायला निघाली होती. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९४८ मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवली ती ‘कमी किमतीच्या फर्निचर’ची. चार्ल्स आणि रे ईम्स यांची एकसंध कवचाची खुर्ची त्या स्पर्धेतून पुढे आली. आधी ती पत्र्याची होती. पत्रा दाबून काढणं महाग पडू लागलं तेव्हा ती फायबरग्लासमध्ये गेली आणि १९५० मध्ये बाजारात आली. त्याआधी महायुद्धात याच जोडप्याने अमेरिकी नौदलासाठी, जखमींच्या पायाला बांधायच्या, वाकवलेल्या प्लायवूडच्या पट्ट्या केल्या होत्या, दीड लाखाच्या आसपास. प्लायवूड दोन दिशांनी कसं वाकवायचं याची तालीम तिथे झाली, आणि तीच पुढे त्यांच्या लाकडी खुर्च्यांत उतरली.

डेन्मार्कमध्येही तेच. तिथल्या ग्राहक सहकारी संघाने, एफडीबीने, १९४२ मध्ये बर्गे मोगेनसेनला फर्निचर विभागाचा प्रमुख नेमलं. काम काय दिलं, तर सामान्य कुटुंबाला परवडेल असं सामान करा. त्याची १९४७ ची जे-३९ खुर्ची बघा. चार सरळ पाय, पाठीला एक रुंद फळी, बैठक कागदी दोरीची. हो, कागदाचीच दोरी. युद्धाच्या काळात बैठका विणायचं समुद्री गवत मिळेनासं झालं म्हणून कागद पिळून दोरी केली, आणि ती इतकी टिकाऊ निघाली की गवत परत मिळायला लागलं तरी ती राहिली. वेग्नरच्या १९४९ च्या वाय-पाठीच्या खुर्चीला अशी सुमारे १२० मीटर दोरी लागते. या जे-३९ला लोक नुसतं ‘लोकांची खुर्ची’ म्हणतात. आणि तिचे पाय, कृपया लक्षात घ्या, तिरके नाहीत.

चंडीगडचंही तसंच. वास्तुरचनाकार पिअर जानेरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात सरकारी कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेताच्या खुर्च्या केल्या त्या तिथल्याच सुतारांना करता येतील अशा. पुढे त्यांचे ढीग भंगार म्हणून निघाले आणि परदेशातल्या लिलावांत त्यांना डोळे विस्फारणाऱ्या किमती आल्या. वाढली ती नावाची किंमत. सागवान आणि वेत होते तसेच राहिले. म्हणून ही शैली घरात आणायची तर नावावर एक पैसाही खर्च करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग खर्च कशावर करायचा? मापांवर. आणि गंमत अशी की मापांना पैसे पडत नाहीत. आरामाच्या खुर्चीची बैठक जमिनीपासून ३८ ते ४२ सेंमी. बैठकीला मागे थोडा उतार, पाठीला त्याहून जास्त कल. समोरचं टेबल बैठकीच्या बरोबरीने किंवा तिच्यापेक्षा दोन-पाच सेंमी खाली. साइडबोर्डची, म्हणजे भिंतीलगतच्या लांब बुटक्या कपाटाची, उंची ६५ ते ८० सेंमी, पुढून मागे ४० ते ४५, आणि खालची मोकळी जागा १५ ते २० सेंमी. ही मापं जुळली की साधं बीचचं, पाइनचं, अगदी प्लायवूडचं सामानसुद्धा एका घरातलं वाटतं. ती चुकली तर अस्सल सागवानही उपरं वाटतं. याचं कारण सोपं आहे. या खोल्यांत सगळ्या आडव्या रेषा खाली राहतात, भिंतीचा वरचा अर्धा भाग मोकळा सुटतो आणि जमीन सामानाच्या खालून पुढे पुढे जाताना दिसते. खोली आहे तेवढीच असते, नजर मात्र लांब जाते.

आता पाय. जमीन दिसायला हवी म्हणून पाय आले, हा क्रम आहे. त्यात पुन्हा पाय फार झाले की घोटाळा होतो, हेही तेव्हाच कुणाच्या तरी ध्यानात आलं होतं. वास्तुरचनाकार एरो सारिनेन म्हणाला होता की टेबल-खुर्च्यांखाली पायांची झोपडपट्टी झाली आहे आणि मला ती साफ करायची आहे. त्यातून १९५७ ची एका खांबावरची ट्युलिप खुर्ची आणि टेबल निघालं. आर्ने याकोबसेनने १९५२ मध्ये ‘मुंगी’ खुर्चीला तीनच पाय दिले. तीन पायांची वस्तू कुठल्याही जमिनीवर डुगडुगत नाही. मात्र तिच्यावर बसून बाजूला वाकलात तर ती कलंडते, म्हणून पुढे तिला चौथा पायही मिळाला. तेव्हा तिरका पाय ही या मंडळींची खूण नव्हती. वजन जमिनीपर्यंत कसं न्यायचं, या प्रश्नाची अनेक उत्तरं होती, त्यांतलं ते एक. दुर्दैवाने ते सगळ्यात स्वस्तात विकता येणारं निघालं.

हा तिरका पाय मोडतो कसा ते नीट बघू या. बाजारात मिळणाऱ्या संचात चार पाय, चार लोखंडी प्लेटा आणि मूठभर स्क्रू असतात. प्लेटेच्या मधोमध तिरकं आटे पाडलेलं भोक असतं, पायाच्या डोक्यातून ८ मिमीचा बोल्ट बाहेर आलेला असतो. प्लेट खोक्याच्या तळाला चार स्क्रूंनी ठोकायची आणि पाय फिरवून बसवायचा. पाच मिनिटांचं काम. आता ४० सेंमीचा पाय १५ अंशांनी बाहेर झुकला आहे असं समजा. म्हणजे पायाचं टोक प्लेटेच्या खाली न येता जवळपास १० सेंमी बाहेर पडतं. त्या पायावर २५ किलो भार आला तर तो नुसता खाली दाबत नाही, पाय आणखी बाहेर फाकवायला बघतो, आणि प्लेटेची आतली कड तळापासून उचकटते. प्लेटेचे स्क्रू एकमेकांपासून ५ सेंमीवर आहेत. १० सेंमीचा दांडा विरुद्ध ५ सेंमीची पकड, म्हणजे २५ किलोचे आतल्या दोन स्क्रूंवर जवळपास ५० किलो झाले. जमिनीचं घर्षण थोडी मदत करतं. पण फरशीवर ओरखडे नकोत म्हणून आपण पायाखाली फेल्टच्या टिकल्या लावतो, आणि तीही मदत काढून घेतो.

तेही चाललं असतं, जर स्क्रू चांगल्या लाकडात असते. ते असतात १८ मिमीच्या पार्टिकल बोर्डमध्ये, म्हणजे भुसा आणि गोंद दाबून केलेल्या फळीत. तिचा मधला थर सगळ्यात भुसभुशीत. संचातले स्क्रू जेमतेम १६ मिमी लांब, म्हणजे त्यांचं टोक नेमकं त्या थरात. लांब लावले तर फळीतून आरपार निघतात. पहिल्या दिवशी घट्ट बसतं, त्यात काही खोट नाही. पण झाडताना कुणीतरी खोकं सरकवतं, खण जोरात ओढतं, आणि दर वेळी भोक अंशभर मोठं होतं. पार्टिकल बोर्डमध्ये एकदा सैल झालेला स्क्रू आवळून घट्ट होत नाही. उलट तो भुसा खरवडून बाहेर आणतो. मग माणूस शेजारी नवीन भोक पाडतो, मग तिसरं, आणि शेवटी तळाला एक खड्डाच उरतो. अवजड कपाटाला असे संचातले पाय लावणं म्हणजे पहिलवानाच्या पायात बाळाचे बूट घालण्यासारखं आहे.

उपाय अवघड नाही, पण तो दुकानातल्या संचात मिळत नाही. खोक्याखाली आधी लाकडी चौकट हवी. ५० मिमी रुंद, २५ मिमी जाड, गाठी नसलेल्या कुठल्याही लाकडाच्या दोन लांब पट्ट्या आणि दोन आडव्या. खोकं १२० सेंमीपेक्षा लांब असेल तर मधे तिसरी आडवी. चौकट खोक्याच्या कडेपासून समोरून आणि मागून पाच ते आठ सेंमी आत घ्या, म्हणजे ती सावलीत जाते आणि दिसत नाही. डाव्या-उजव्या बाजूला मात्र आत घेऊ नका. कपाटाचं वजन उभ्या फळ्यांमधून खाली येतं, तेव्हा चौकटीची टोकं त्या फळ्यांच्या बरोबर खाली यायला हवीत. इथेच बहुतेकांची चूक होते. चौकट दोन्ही बाजूंनी सारखी आत घेतली की दिसायला नेटकी होते, पण सगळा भार मधल्या पातळ तळफळीवर येतो.

चौकट जोडण्याआधी कोपऱ्यांत ८ मिमीचे टी-नट बसवायचे. टी-नट म्हणजे आत आटे असलेली, दातेरी टोपीची नळी. तिच्यासाठी १० मिमीचं भोक पाडा आणि ती वरच्या बाजूने ठोका, म्हणजे जी बाजू खोक्याला चिकटणार आहे त्या बाजूने. खालून ठोकली तर पाय आवळताना बोल्ट तिला ओढून बाहेर काढतो. वरून ठोकली तर जितकं आवळाल तितके दात लाकडात रुततात. भोक तिरकं हवं, आणि हाताने ड्रिल धरून चारही भोकं सारखी तिरकी पडत नाहीत. एक जाड ठोकळा १० ते १२ अंशांत कापून घ्या आणि त्याच्या उताराला ड्रिल टेकवून भोकं पाडा. तिरक्या भोकात टी-नटची टोपी सपाट बसत नाही, म्हणून तिच्यापुरती जागा पटाशीने थोडी कोरून घ्यावी लागते. पायाचं तोंड कोपऱ्याकडे, म्हणजे कर्णावर असावं. एक पाय कोपऱ्याकडे आणि दुसरा समोर बघतोय असं झालं की कारण कळलं नाही तरी डोळ्याला खुपतं.

मग चौकटीला सुताराचा पांढरा गोंद लावून ती तळाला बसवा आणि दर १५ सेंमीवर स्क्रू द्या. तळाला आधीच लॅमिनेट किंवा छापील कागद असेल तर गोंद त्यावर धरत नाही. जिथे चौकट बसणार तेवढा पट्टा पॉलिश पेपरने घासून आतला बोर्ड उघडा करा.

पायांइतकीच महत्त्वाची, पण कुणाचं लक्ष नसलेली वस्तू म्हणजे कपाटाची पाठ. खोकं गुण्यात, म्हणजे काटकोनात, ठेवते ती पाठीची फळी. स्वस्त कपाटात ती ३ मिमीची असते आणि बारीक खिळ्यांनी मारलेली असते. खोकं सपाट जमिनीवर असेपर्यंत जमीनच त्याला सांभाळते, म्हणून हा दोष लपून राहतो. पाय लावून ते वर उचललं की जमिनीचा आधार गेला, चौकोन तिरपा होऊ लागला, खण अडकायला लागले. दोष पायांचा वाटतो, असतो पाठीचा. ६ मिमीचं प्लायवूड घ्या, जुनी पाठ काढा, दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे येईपर्यंत खोकं हाताने दाबून सरळ करा आणि तसंच धरून नवी पाठ गोंद आणि स्क्रूंनी लावा. दीडशे सेंमीच्या कपाटाच्या दोन कर्णांत दोन-तीन मिमीपेक्षा जास्त फरक राहू देऊ नका. माझं तर म्हणणं असं की पाय बदलायचे नसले तरी प्रत्येक स्वस्त कपाटाची पाठ बदलावी. इतक्या कमी खर्चात इतका फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही.

आता लांबीबद्दल. लांबच लांब साइडबोर्ड हे या शैलीचं मोठं आकर्षण. पण फळीची लांबी दुप्पट केली आणि दर सेंमीला भार तेवढाच ठेवला, तर बाक दुप्पट होत नाही, सोळापट होतो. म्हणून १८ मिमीच्या पार्टिकल बोर्डवर पुस्तकं ठेवायची असतील तर दोन आधारांत ६० ते ७० सेंमीपेक्षा जास्त अंतर नको. त्यापुढे मधे उभी फळी द्या, किंवा पुढच्या कडेला ४० मिमी उंचीची लाकडी पट्टी उभी चिकटवा. ती पट्टी फळीला ताठ ठेवते आणि बोर्डाची उघडी कडही झाकते. दोन कपाटं शेजारी ठेवून एक लांब साइडबोर्ड करणार असाल तर दोघांना एकच चौकट द्या आणि वर एकच सलग फळी. मधोमध एक पाचवा पाय आत सरकवून द्या. तो दिसत नाही आणि सगळं पेलतो.

पायांचा विषय निघालाच आहे तर एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. आयकियाच्या गिलिस लुंडग्रेनने १९५६ च्या सुमारास पानाच्या आकाराचं तीन पायांचं टेबल गाडीत मावेना म्हणून त्याचे पाय काढले, आणि सुट्या भागांत विकायच्या फर्निचरची वाट मोकळी झाली. काढता येणारा पाय ही हलकी तडजोड मुळीच नाही. तो नीट केला तर घर बदलताना, दुरुस्त करताना, नवा रंग देताना आयुष्यभर उपयोगी पडतो. माझा राग नुसत्या प्लेटेवर आणि १६ मिमीच्या स्क्रूवर आहे. सळीचे वाकवलेले पाय घ्यायचे असतील तर तेच लक्षात ठेवा. १० ते १२ मिमीची सळी, हलक्या स्टुलाला दोन सळ्यांचा पाय, टेबलाला तीन सळ्यांचा. बारीक सळीचा लांब पाय मोडत नाही, पण थरथरतो, आणि त्या टेबलावर लिहिता येत नाही.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं उरली आहेत आणि खोली अजून रिकामीच आहे. तेव्हा आता भरभर जाऊ.

आधी खरेदी. सगळ्यात जास्त पैसा बसायच्या वस्तूवर, मग दिव्यावर, आणि उरलेला साठवणीवर. साठवण घरच्या घरी बदलता येते, खुर्ची येत नाही. संपूर्ण संच एकदम घेऊ नका. ब्रिटनमध्ये १९५३ ला जी-प्लॅन आलं ते याच कल्पनेवर: एकेक नग घ्या, जमेल तसा पुढचा जोडा. युद्धाच्या काळापासून १९५२ पर्यंत तिथे सरकारी ‘युटिलिटी’ फर्निचरची सक्ती होती, त्यानंतर लोकांना हा मोकळेपणा हवाच होता. आपल्यालाही तोच सोयीचा.

जुनी खुर्ची घेताना आधी ती उलटी करा. एक हात पाठीवर, एक पुढच्या पायावर ठेवून कर्णाच्या दिशेने ढकला. सांधे हलत असतील तर घाबरू नका, पण वरून गोंद ओतू नका, कारण जुन्या गोंदावर नवा गोंद धरत नाही. सांधा कोमट पाण्याने किंवा वाफेने सैल करून पूर्ण उघडा, जुना गोंद खरवडून लाकूड दिसू द्या, नवा गोंद लावून क्लॅम्पमध्ये २४ तास ठेवा. पाय उभा चिरलेला असेल किंवा सांध्यातलं कुसूच, म्हणजे खाचेत बसणारं टोकच, तुटलं असेल तर सोडून द्या. बारीक भोकांभोवती ताजी पिवळसर भुकटी दिसली तर कीड जिवंत आहे. ती वस्तू घरात आणू नका.

बैठकीखाली रबरी पट्ट्या असतील तर त्या बहुधा कडक होऊन तडकलेल्या असतात. ते दुरुस्त होतं आणि स्वस्तात होतं, म्हणून भाव करताना याचा जरूर उपयोग करा. ५ सेंमी रुंदीची नवी पट्टी घ्या आणि ५० सेंमीची ५४-५५ होईल इतकी ताणून बसवा. दोन पट्ट्यांत पट्टीच्या रुंदीपेक्षा जास्त फट नको. बैठकीचा फोम ३५ ते ४० घनतेचा, ८ ते १० सेंमी जाड. पाठीला त्यापेक्षा मऊ चालतो. बैठकीला मऊ फोम घातला तर वर्षभरात उंची दोन-तीन सेंमीने कमी होते आणि तुम्ही जपलेलं माप गेलं.

व्हिनियर, म्हणजे वर चिकटवलेला खऱ्या लाकडाचा पातळ थर. यात लोक फार नुकसान करून घेतात. आजचं व्हिनियर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं. त्यावर यंत्र आणि ८० नंबरचा पेपर चालवला की कडेला खालचं प्लायवूड उघडं पडतं, आणि ते परत झाकता येत नाही. आधी सौम्य साबणाचं पाणी पिळलेल्या फडक्याने फिरवा, मग मेण निघावं म्हणून टर्पेंटाइन. पुष्कळदा एवढ्यानेच रंग परत येतो. जुनं पॉलिश कोणतं हे बघायला कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा टेकवा. चिकट झालं तर ते लाखेचं, काहीच झालं नाही तर थिनरने तपासा. विरघळलं तर लॅकर. घासायचंच असेल तर हाताने, १८० आणि मग २४० नंबरने, रेषेच्या दिशेने, आणि कडा शेवटी हलक्या हाताने. नखाने टकटक केल्यावर पोकळ आवाज आला तर तिथे व्हिनियर सुटलं आहे. सुईने आत गोंद सोडा, वर प्लास्टिकचा कागद, त्यावर सपाट फळी आणि वजन, आणि एक दिवस हात लावू नका.

मांडणी. सोफा आणि टेबलात ४० ते ४५ सेंमी. जाजम एवढं हवं की सोफ्याचे निदान पुढचे पाय त्यावर येतील. लहान जाजम मधेच टाकलं तर सगळं सामान विखुरल्यासारखं दिसतं. सामान भिंतींना चिकटवू नका, दहा सेंमी पुढे घेतलं तरी फरक कळतो. चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे १४५ ते १५० सेंमीवर, आणि सोफ्यावर असेल तर चित्राची खालची कड पाठीपासून १५ ते २० सेंमी वर. लाकडाचे रंग दोनच ठेवा. तिसरा आला की खोली दुकानासारखी दिसू लागते. सगळं एकाच रंगाच्या पॉलिशमध्ये बुडवूही नका, त्याने खोली मेल्यागत होते.

रंग. भिंती ऊबदार पांढऱ्या. मोहरीचा पिवळा, शेवाळी, मोरपंखी, विटकरी यांतले दोन निवडा, तेही कापडात. भिंतीवर मोहरीचा रंग फोटोत छान दिसतो, पण रात्री दिव्याखाली तो माणसांच्या चेहऱ्यांवर पिवळट छटा पाडतो.

दिवे. छताच्या मधोमध एकच पांढराशुभ्र दिवा असेल तर वरची सगळी मेहनत वाया गेली असं समजा. तीन दिवे, तीन उंचींवर, सगळे २७०० केल्व्हिनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे. जेवणाच्या टेबलावरचा लोंबता दिवा टेबलापासून ७० ते ८० सेंमी वर. जॉर्ज नेल्सनच्या बुडबुड्यांसारख्या आणि इसामू नोगुचीच्या कागदी दिव्यांवर पैसा उडवायची गरज नाही. साधा गोल कागदी आकाशकंदील, ५० ते ६० सेंमी व्यासाचा, आत एलईडी. लहान घेऊ नका, सगळे लहान घेतात आणि तो छताला चिकटलेल्या चेंडूसारखा दिसतो.

शेवटी सुरक्षेच्या तीन गोष्टी, आणि या मी घाईत सांगत असले तरी तुम्ही घाईत ऐकू नका. पायांवर उचललेलं खणांचं कपाट पुढे कलंडू शकतं, विशेषतः सगळे खण एकदम उघडले किंवा मुलं त्यावर चढली तर. लोखंडी कोनाने ते मागच्या भिंतीला बांधा, आणि कोन पाठीच्या पातळ फळीत न लावता वरच्या जाड फळीत लावा. जुना दिवा घेतलात तर त्याची वायर, होल्डर आणि पिन बदलल्याशिवाय तो लावू नका. जुन्या वायरीचं आवरण वाकवल्याबरोबर तडकतं. आणि लाकडाला जवसाचं किंवा तत्सम तेल लावलंत तर पंधरा-वीस मिनिटांनी जास्तीचं पुसून काढा, तेलाच्या दोन हातांमध्ये दिवसभराचं अंतर ठेवा. ती तेलकट फडकी चुरगळून डब्यात टाकू नका. ते तेल वाळताना तापतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. फडकी बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

वेळ संपली. प्रश्न घेऊ या. ज्यांनी आपल्या कपाटाच्या तळाचे फोटो आणले आहेत, त्यांनी आधी पुढे यावं.